यामाहा आरएक्स १०० चा कार्बोरेटर घरी ट्यून करताय? मग हवेच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा

गाडी स्लोवर (रेस न देता, जागेवर) चालू राहत नाही म्हणून गॅरेजला नेली की तिथला पोरगा पहिलं काय करतो, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढतो आणि हवेचा स्क्रू फिरवायला लागतो. अर्धा आटा आत, एक आटा बाहेर, रेसचा स्क्रू (स्लो कमी-जास्त करणारा) थोडा वर, झालं. घरी येईपर्यंत गाडी मस्त चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत दहा किका. मी पण बरीच वर्षं हेच करत होतो. माझ्याकडे काकांची आरएक्स १०० आहे, ९४ चं मॉडेल, साताऱ्यात आमच्याकडे ही गाडी म्हणजे घरातलं माणूस असल्यासारखीच. मागे एकदा ती स्लो पकडेना, रेस सोडली तरी इंजिन दोन-तीन सेकंद वरच गुणगुणत राहायचं आणि मग हळूहळू खाली यायचं. मी पंधरा दिवस स्क्रू फिरवले, दोन वेगवेगळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) आणून टाकले, निडल (पेट्रोलला आवर घालणारी लांब सुई) खालीवर केली. शेवटी कळलं की कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) आणि इंजिनच्या मधे जो रबरी जॉइंट असतो त्याला खालच्या बाजूने, जिथे नजर जातच नाही तिथे, नखाएवढी चीर होती. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी हवा कुठून चोरून येते ते बघायचं, मग घाण काढायची, मग फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग), आणि स्क्रू सगळ्यात शेवटी.

खाली सगळं आरएक्स १०० धरून लिहिलंय कारण ती मला पाठ आहे. १९८५ ते १९९६ आपल्याकडे बनली, ९८ सीसी, टू स्ट्रोक, साधा स्लाइडवाला (आतली झडप केबलने वर-खाली होणारा) मिकुनी कार्बोरेटर. बुलेट किंवा जुन्या १०० सीसी फोर स्ट्रोक गाड्यांना पण बरंचसं लागू पडतं, फरक कुठे आहे ते मधे सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ (धुराचे कडक नियम) आलं आणि नवीन गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच, त्यामुळे गॅरेजमधली नवीन पोरं हे शिकतच नाहीत, म्हणून हे काम घरच्या घरी करता येणं जास्त गरजेचं झालंय.

सामान फार लागत नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे, नीट बसणारे स्क्रू ड्रायव्हर (मिकुनीच्या वाटीचे स्क्रू आपल्या साध्या फुलीच्या ड्रायव्हरने सटकतात आणि डोकं खराब होतं, त्यामुळे घट्ट बसणारं टोक बघून घ्या), प्लग पाना, एक जुनी परात आणि वही. परात यासाठी की त्यात बारीक स्प्रिंगा आणि ओरिंग पडले तरी सापडतात, माझी हवेच्या स्क्रूची स्प्रिंग एकदा अंगणातल्या मोरीत गेली ती गेलीच. काम उघड्यावर करा, पेट्रोल सांडणारच आहे, आणि कोणी बघायला येऊन शेजारी विडी पेटवत असेल तर त्याला आधी चहाला पाठवा.

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी

प्लग काढून बघा. जुना असेल तर सरळ नवीन टाका, गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, पण आपल्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते खरं. एअर फिल्टर काढा आणि उजेडात धरा, तेलाने माखलेला असेल तर गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालणार आणि तुम्ही उगाच जेटला दोष देणार. सायलेन्सरमध्ये कार्बन भरलेला असेल तरी टू स्ट्रोक गाडी उचलत नाही, आतली नळी काढून साफ करा, कितीतरी जणांचा 'ट्यूनिंगचा प्रॉब्लेम' इथेच संपतो. फोर स्ट्रोक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी तपासा, टॅपेट चुकीचे असताना कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी तो लागणार नाही.

मग हवेची चोरी. गाडी चालू करून स्लोवर ठेवा (राहत नसेल तर रेसचा स्क्रू थोडा आवळून ठेवा) आणि कार्ब क्लीनरचा एक बारीक फवारा रबरी जॉइंटच्या भोवती मारा, मग क्लॅम्पवर, मग जॉइंट जिथे इंजिनला बोल्टने बसतो तिथे. इंजिन फार तापलेलं नको आणि फवारा सायलेन्सरवर नको, पेट घेईल. फवारा मारल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलला, एकदम चढला किंवा दबला, की समजायचं हवा तिथूनच आत जातेय. कडक झालेलं रबर सोल्यूशन लावून वाचवायच्या भानगडीत पडू नका, नवीन आणा. टू स्ट्रोकमध्ये अजून एक जागा आहे, मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील. ते गेलं की तिथूनही हवा ओढली जाते आणि गाडी लीन होते. आणि क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट गिअर ऑइल ओढून गाडी पांढरा धूर सोडत जाते. ही दोन्ही कामं स्क्रूने होत नाहीत.

लीन आणि रिच हे शब्द सारखे येणार म्हणून इथेच सांगतो. लीन म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, रिच म्हणजे उलटं. फोर स्ट्रोक थोडी लीन चालली तर गरम होईल, पिकअप मरेल, फटाके फोडेल. टू स्ट्रोक लीन चालली आणि तुम्ही हायवेला फुल ठेवली तर पिस्टन पकडतो, मागचं चाक जाम होतं, आणि ते कुठल्या वळणावर होईल सांगता येत नाही. त्यामुळे आरएक्सवाल्यांनी ॲव्हरेजच्या नादात लीन करू नये हे माझं ठाम मत आहे. थोडी रिच ठेवलेली गाडी फार तर प्लग काळा करते.

उघडून साफ करणं

पेट्रोल कॉक बंद, पाइप काढा, क्लॅम्प ढिले करा, कार्बोरेटर तिरका करून बाहेर काढा. वरची टोपी फिरवली की केबलसकट स्लाइड आणि निडल वर येते. स्लाइडच्या खालच्या कडेला एका बाजूने तिरका काप दिलेला असतो, तो काप कुठल्या बाजूला होता त्याचा आत्ताच मोबाइलवर फोटो काढा. ती बाजू एअर फिल्टरकडे असते, उलटी बसवली तर गाडी चालू झाल्याबरोबर बोंबलत सुटते.

वाटीचे चार स्क्रू काढा, हळू, आत पेट्रोल असतं. वाटीच्या तळाशी बघा काय दिसतं. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर तळाला पाण्याचे मणी लोळताना दिसतील, कधी पांढरट हिरवट थर. आता पंपावर जे पेट्रोल येतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने आलं, आणि इथेनॉल पाणी धरतं. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी ओरिंग आणि पाइप त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवायची सवय लावा.

मेन जेट मधोमध, त्याच्या शेजारी खोल खड्ड्यात पायलट जेट. पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की घाण अडकली तरी नुसत्या नजरेला कळत नाही, उजेडाकडे धरून पलीकडे गोल ठिपका दिसला पाहिजे, अर्धवट चंद्रकोर दिसली तर चोकअप आहे. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालेल. तार घालू नका. माझ्याच गाडीचा पायलट जेट एका गॅरेजवाल्याने कधीतरी तार घालून साफ केला होता, पितळ मऊ, भोक मोठं झालं, आणि त्यानंतर ती गाडी सकाळी सुरू झाली की पूर्ण गल्लीत धूर. नवीन जेट थोड्या पैशात येतो, तो टाका. बॉडीतली बारीक छिद्रं विसरू नका, क्लीनर एका बाजूने मारला की दुसरीकडून फवारा जोरात निघाला पाहिजे, नुसतं ओघळलं तर अजून घाण आहे. फवारताना डोळ्यावर चष्मा ठेवा, हे क्लीनर उलटं फिरून तोंडावर येतंच येतं.

फ्लोट. याच्याकडे कोणी बघत नाही आणि निम्म्या कटकटी इथूनच सुरू होतात. फ्लोटची पिन ढकलून काढा, सुई बघा. सुईच्या टोकाला गोल रिंगेसारखा घासलेला खड्डा पडला असेल तर ती पेट्रोल पूर्ण थांबवत नाही आणि ओव्हरफ्लो पाइपमधून टपटप चालू राहतं. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डचमळलं तर फ्लोट फुटलाय. लेव्हल तपासायला कार्बोरेटर आडवा धरून हळूहळू तिरका करा, फ्लोटची पट्टी सुईला जेमतेम टेकली पण तिने सुईची स्प्रिंग दाबली नाही, त्या जागी थांबा. तिथून मॅन्युअलमधलं माप घ्या, मॅन्युअल नसेल तर फ्लोटचा जोड बॉडीच्या पॅकिंगच्या पृष्ठभागाला साधारण समांतर दिसला पाहिजे. पेट्रोलची लेव्हल फार वर असेल तर गाडी सगळ्याच रेसवर रिच, खाली असेल तर चढाला जोर लावल्यावर पेट्रोल कमी पडून गचके. पट्टी वाकवायची झाली तर केसाएवढी.

आता उलट क्रमाने बसवा. टोपी आवळल्यावर गाडी सुरू करायच्या आधी ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडा, स्लाइड 'टक' करून खाली आपटल्याचा आवाज आला पाहिजे, हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवून पण. अडकली तर किक मारू नका. आरएक्सला ॲक्सिलरेटरची केबल पुढे दोन ठिकाणी जाते, एक कार्बोरेटरला आणि एक ऑइल पंपाला, आणि पंपाच्या चाकावर जुळवायची खूण असते. कार्बोरेटर काढला की ती एकदा बघून घ्यायचीच, कारण कार्बोरेटर परफेक्ट लागला आणि तेल कमी गेलं तर पिस्टन तरी पकडणारच.

स्क्रू, आता

गाडी दहा मिनिटं खरी चालवून आणा, जागेवर उभी करून तापवलेली चालत नाही. मग हवेचा स्क्रू हळूच पूर्ण आत घ्या आणि किती आटे बसले ते मोजून वहीत लिहा. टेकला की थांबा, आवळला तर टोक आणि बसायची जागा दोन्ही बिघडतात. तिथून दीड आटा बाहेर, ही सुरुवात. रेसच्या स्क्रूने स्लो नेहमीपेक्षा जरा चढा ठेवा.

आता पाव आटा बाहेर काढा आणि थांबा. पाच-दहा सेकंद काहीच करायचं नाही, सगळे घाई इथेच करतात, इंजिनला फरक दाखवायला वेळ लागतो. आवाज चढला तर अजून पाव आटा. असं करत एक जागा येते जिथे आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात सलग असतो, टू स्ट्रोकचं ते मधेच एक ठोका गाळणं थांबतं, आरशातली थरथर पण कमी होते. त्यापुढे गेलात की आवाज उतरतो किंवा वरखाली हेलकावे खायला लागतो. परत त्या जागेवर या, रेसच्या स्क्रूने स्लो खाली आणा, आणि हीच कसरत पुन्हा एकदा करा कारण स्लो बदलला की ती जागा पण थोडी सरकते. शेवटी आरएक्ससारख्या गाडीत त्या जागेवरून आटयाचा आठवा भाग आत घ्या, म्हणजे किंचित रिच.

लक्षात ठेवा, हे फिल्टरच्या बाजूला असलेल्या हवेच्या स्क्रूचं झालं, त्यात आत म्हणजे रिच आणि बाहेर म्हणजे लीन. काही गाड्यांना, विशेषतः पल्सरसारख्या व्हॅक्यूम कार्बोरेटरमध्ये, स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो मिश्रणाचा असतो, तिथे बाहेर म्हणजे रिच. हा एक गोंधळ झाला की माणूस दिवसभर उलट्या दिशेला ट्यून करत बसतो. व्हॅक्यूमवाल्यात अजून एक, वरच्या झाकणाखाली पातळ रबरी डायफ्राम असतो, त्याला सुईएवढं भोक पडलं तरी गाडी रेस घेत नाही, तो उजेडात ताणून बघा.

चांगली जागा एका आट्याच्याही आत आली तर गाडी पेट्रोल मागतेय, पायलट जेट लहान आहे किंवा अजून चोकअप आहे. तीन आट्यांच्या पुढे जाऊनच चालत असेल तर पायलट जेट मोठा झालाय. अशा वेळी स्क्रूशी भांडत बसू नका, जेट बदला.

स्लो लागला, पुढचं काय

हवेचा स्क्रू फक्त स्लोला आणि ॲक्सिलरेटरच्या पहिल्या आठव्या भागाला बघतो. त्यापुढे पाव भागापर्यंत स्लाइडच्या कापाचा मामला, पाव ते पाऊण निडल, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून तक्रार 'पिकअप नाही' अशी नको, 'कितव्या रेसला पिकअप नाही' अशी पाहिजे. मुठीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि पाव, अर्धा, पाऊण अशा पेनाने खुणा करा, स्विचच्या डब्यावर एक रेघ मारा. मग चालवताना नक्की कळतं कुठे गचकते.

निडलला वर पाच खाचा असतात आणि एका खाचेत लॉक बसतं. लॉक वरच्या खाचेत म्हणजे निडल खाली म्हणजे लीन, लॉक खालच्या खाचेत म्हणजे निडल वर म्हणजे रिच. 'वर केली' असं कोणी सांगितलं की आधी विचारा लॉक वर केलं की निडल वर केली, यात भल्याभल्यांची भांडणं झालीत. सुरुवात मधल्या खाचेपासून. अर्ध्या रेसला गाडी फडफडत, जड वाटत असेल तर रिच, कोरडी, ओढ नसलेली आणि रेस वाढवली की क्षणभर मरते असं असेल तर लीन. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे चालता चालता चोक किंचित ओढायचा, गाडी सुधारली तर लीन होती, अजून बिघडली तर रिच. एका वेळी एक खाच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशामुळे फरक पडला ते देवालाही कळणार नाही.

मेन जेटला मोकळा सरळ रस्ता लागतो, पहाटे, हेल्मेट घालून, गावातून नाही. तिसऱ्या गिअरला फुल रेस धरा आणि मग अगदी थोडी, एक-दोन बोटं, सोडा. सोडल्यावर गाडी उलट जास्त ओढायला लागली तर मेन जेट लहान आहे, ताबडतोब थांबवा ती टेस्ट. फुल रेसला फडफड येत असेल तर मोठा आहे. पक्कं बघायचं तर नवीन प्लग टाकून थोडं अंतर फुल रेसवर न्या, मग एकाच वेळी क्लच दाबा आणि चावी बंद, तशीच घरंगळत बाजूला घ्या आणि प्लग काढा. पोर्सिलेनचा रंग दुधाच्या चहापासून खाकीपर्यंत कुठेही असेल तर चालेल. पांढराशुभ्र आणि चकचकीत म्हणजे लीन, काळा मऊ काजळासारखा म्हणजे रिच. स्लोवर गाडी उभी करून काढलेल्या प्लगवरून मेन जेट ठरवू नका, तो फक्त स्लोची गोष्ट सांगतो. आताच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिकाच येतो हे पण धरून चला. इथेनॉलमुळे त्याच जेटवर गाडी थोडी लीन जाते, माझ्या गाडीला त्यामुळे मी मेन जेट एक नंबर मोठा केला, पण तुमचा प्लग काय सांगतो ते बघून करा.

ओपन फिल्टर किंवा मोठा सायलेन्सर लावला असेल तर आधी मेन जेट मोठा, बाकी सगळं नंतर. आणि घाटाचं एक, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-एक टक्के विरळ, त्यामुळे खाली नीट लागलेली गाडी वर थोडी रिच वाटणार. तिथे स्क्रू फिरवला आणि विसरून खाली पोलादपूरला उतरलात तर गाडी लीन झालेली असते. दोन दिवसांच्या सहलीसाठी हात लावूच नका.

दोन कार्बोरेटर असतील तर

राजदूत ३५० वाल्यांसाठी थोडक्यात. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने बनवलेली ती ३४७ सीसी गाडी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. दोन्हीचे हवेचे स्क्रू सारख्याच आट्यांवर ठेवून सुरुवात करा. मग इंजिन बंद ठेवून फिल्टरकडचे पाइप काढा, दोन्ही तोंडात एक-एक बोट घालून स्लाइडच्या खाली टेकवा आणि कोणाला तरी ॲक्सिलरेटर अगदी हळू फिरवायला सांगा. दोन्ही बोटांखालची स्लाइड एकाच क्षणी उचलली पाहिजे, एक आधी उचलली तर त्या केबलचा ॲडजस्टर जुळवा. नंतर गाडी स्लोवर ठेवून दोन्ही सायलेन्सरच्या मागे थोड्या अंतरावर तळवे धरा, ठोका सारखा लागला पाहिजे, जिकडचा कमी लागतो तिकडचा रेसचा स्क्रू थोडा वर. मग परत हवेचे स्क्रू, परत तळवे. दोन-तीन फेऱ्या लागतात. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम, पण टू स्ट्रोकला हात पुरतात.

सगळं लागल्यावर वहीत तारीख, आटे, निडलची खाच, जेटचे नंबर. माझ्या वहीत शेवटची नोंद आहे 'पावणेदोन आटे, तिसरी खाच, स्लो चढा ठेवला, पाऊस'. दोनेकशे किलोमीटर झाले की रबरी जॉइंटचे क्लॅम्प परत एकदा आवळा, नवीन रबर बसल्यावर ते ढिले पडतात, आणि तेव्हाच प्लग पण काढून बघा.